उतरणीखालचा गाळ

“ओकांदेत मेल्यांका, ओकांदेत सगळा,” आई पिंपावर वाकून म्हणाली आणि हातातला जुना कोयता तिनं पाण्यात सोडला.

मागच्या अंगणात पत्र्याचं एक अर्धं कापलेलं पिंप होतं. त्यात खाडीचं पाणी, आणि पाण्यात दोन टोपल्या खुबे. खुबे म्हणजे तुमच्या बाजारातल्या तिसऱ्यांचे थोरले भाऊ. चिखलात राहतात, चिखलच गाळून खातात. काढल्याबरोबर रांधले तर दाताखाली कचकच लागते, म्हणून आमच्या वाघवण्यात त्यांना रात्रभर पाण्यात ठेवायची पद्धत. पाण्यात लोखंड टाकलं की लवकर ओकतात, असं आई म्हणायची. खरंखोटं तिलाच ठाऊक. सकाळी पिंपाच्या तळाशी काळाभोर गाळ बसलेला असायचा आणि खुबे कसे, धुतल्या तांदळासारखे.

मी रत्नागिरीहून नुकतीच एसटीतून उतरले होते. खांद्यावरची बॅगही काढली नव्हती.

“आई, हे कुणासाठी?”

“कोणासाठी म्हणजे? प्रणालीसाठी. ह्या दिवसांत पोटात दर्याचा काय तरी जावक होया.”

मी आईशी आमच्या मालवणीतच बोलते. इथं माझं बोलणं सोपं करून लिहिलंय. तिचं मात्र तिच्याच तोंडचं ठेवलंय, त्याला हात लावायची माझी छाती नाही.

प्रणाली माझी वहिनी, दिगूची बायको. पडवीत खांबाला टेकून पाय पसरून बसली होती. सातवा महिना लागला होता. याआधी दोनदा पोट राहून गेलेलं. म्हणून या वेळी घरात कुणी मोठ्यानं आनंदसुद्धा करत नव्हतं. आईनं तेवढं खुब्यांचं लावून धरलं होतं. एक दिवस सार, एक दिवस सुकं, एक दिवस वड्या. वहिनी निमूटपणे खायची.

“तिला हे देऊ नकोस,” मी म्हणाले.

“कित्याक?”

“चिखलात विष आहे.”

आईनं कंबर सरळ केली. “वैजू, घरात पाय ठेवलंस नाय तवसर विष काढलंस? आधी पाय धू. मगे चाय घे. मगे काय ता विष सांग.”

पाय धुतले. चहा घेतला. आणि सांगायला तोंड उघडेना.

झालं होतं असं. आमचं बंदर गाळानं भरत आलं होतं, ओहोटीला होड्या टेकायच्या. ते खोल करायचं ठरलं. त्याआधी पाणी आणि गाळ तपासायचा होता. पाणी बंदराच्या साहेबांनी दुसरीकडे पाठवलं, गाळ आला आमच्या प्रयोगशाळेत. गावाचं नाव वाचून मीच तो मागून घेतला. पाण्याचा निकाल आधी लागला. पाणी साफ! गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते, कारण तपासणी होईपर्यंत खुबे विकायला बंदी होती आणि खुबेवाल्या बायकांची चूल त्यावरच होती. घरी खायला काढत होत्या त्या, आईसारख्या, ते वेगळं. रविवारी मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये सभा होती. साहेब येणार, बंदी उठणार, सोमवारी टोपल्या खाडीत.

आणि गाळात मला जे सापडलं ते पाहून मी तीच तपासणी पुन्हा केली होती. मग पुन्हा. शेवटी रजा टाकून निघाले होते.

“साफ पाण्यात विष खंयसून येतला?” आईनं चुलीपुढे बसत विचारलं. दुपारच्या कालवणाचा टोप तिनं पुढ्यात ओढला आणि राखेत सोडण बुडवून घासायला लागली. नारळाच्या सोडणाचा तो खसखस आवाज ऐकत मी बसले होते, आणि एकदम मला सांगायची वाट सापडली.

“आई, या टोपाला तेल लागलंय ना? नुसतं पाणी ओतून जाईल?”

“जावचा नाय.”

“राखेनं घासलंस. आता तेल कुठे गेलं?”

“राखेत.”

“आणि वरनं पाणी ओतशील ते?”

“ता साफच र्‍हवता. तेल काय पाण्यात मिसळता?” असं म्हणून ती थांबली. सोडण हातात तसंच.

“खाडीचं तेच झालंय. एक तेल आहे, त्याला पाणी आवडत नाही. खाडीत पडलं की ते गाळाचा बारीक कण गाठतं आणि त्याला धरून बसतं. वर्षानुवर्षं बसतं, कुजत नाही, विरत नाही. साहेबांनी बाटली भरली ती वरच्या पाण्याची. ती साफच येणार. राख कुणी बघितलीच नाही.”

“आणि खुबे?”

“खुबे राख खातात, आई.”

तिनं टोप खाली ठेवला. पण हार मानेल तर ती माझी आई कसली! “मगे ओकतंत ना! रातभर ओकतंत. तू ल्हान असल्यापासून बघतंस.”

“राख ओकतात. तेल त्यांच्या अंगात राहतं, चरबीत. तिथून ते खाणाऱ्याच्या अंगात. आणि बाई पोटुशी असली तर तिच्यातून पुढे.”

पडवीतून वहिनीच्या बांगड्या वाजल्या. ती ऐकत होती की नुसती कूस बदलत होती, कोण जाणे. आईनं आवाज खाली आणला.

“ता तेल इला खंयसून?”

मला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. एसटीत सगळा रस्ता मी याच प्रश्नाचं उत्तर जुळवत आले होते.

“बर्फाच्या कारखान्याच्या गटारातून,” मी म्हणाले.

आईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. गावातल्या सगळ्यांचा त्या बंद पडलेल्या कारखान्यावर दात होता, तिचाही होता. “बघ! माका आधीच म्हायत होता. जळलो मेलो तो कारखानो. बरा झाला सांगलंस. आतां गटाराकडे कोणाक फिरकूक देवचंय नाय. मथुराक पण सांगतंय. आम्ही सगळ्यो उतरणीखालीच जातलंव. थंयचे खुबे मोठे, नि गटारापासून लांब.” पिंपाकडे हात करून ती म्हणाली, “ह्ये थंयचेच. प्रणालीक मी उतरणीखालचेच घालतंय, कायम.”

उतरण म्हणजे पावसाळ्याआधी होड्या पाण्यातून वर ओढून घालायची जागा. गाळाचे नमुने सगळ्या बंदरातून आले होते. गटाराच्या तोंडाशी ते तेल होतं, पण थोडं. जेट्टीखाली त्याहून थोडं. आणि उतरणीखालच्या गाळात इतकं होतं की मला वाटलं आपली बाटली बदलली.

“आई, उतरणीखालचे नको.”

“आतां गो काय?”

“तिथंच सगळ्यात जास्त आहे.”

“थंय खंयचा गटार?” ती चिडली. “थंय कोण टाकतलो तेल? थंय फक्त आमच्यो होड्यो...”

ती बोलता बोलता थांबली. मी खाली बघत होते. मग आई उठली, मागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि अंगणातल्या पिंपाकडे बघत राहिली.

ते पिंप बाबांनी आणलेलं.

बाबा त्या बर्फाच्या कारखान्यात विजेच्या कामावर होते. मी शाळेत असताना तिथले जुने ट्रान्सफॉर्मर बदलले. त्यांतलं तेल काढून पिंपांत भरलं, आणि मालक म्हणाला, घेऊन जा कुणाला हवं त्याला. बाबांनी बैलगाडी करून सगळी पिंपं घरी आणली. आमच्या खाडीत लाकूड पोखरणारा किडा भारी. होडीचा तळ चाळण करून टाकायचा. डांबर लावा, काजूचं तेल लावा, दोन पावसाळे झाले की फळी गेलीच. बाबांनी आमच्या होडीला ते ट्रान्सफॉर्मरचं तेल लावून बघितलं, आणि किडा फळीला शिवला नाही. मग काय! दरवर्षी नारळी पुनवेच्या आधी उतरणीवर सगळ्या गावाच्या होड्या पालथ्या पडायच्या आणि बाबा कमरेला पंचा गुंडाळून, हातात काथ्याचा कुंचा घेऊन एकेकीला तेल चोपडत फिरायचे. कुणाकडून एक पैसा घेतला नाही. पिंपं संपेपर्यंत किती पावसाळे गेले असतील, आठवत नाही. ‘भिकाजीचं तेल’ म्हणायचे त्याला. ‘भिकाजीनं होडी वाचवली’ असं म्हातारे अजून म्हणायचे.

त्यांच्या हातांना आणि मानेला कायम काळसर पुळ्या असायच्या. खाऱ्या पाण्यानं होतं, म्हणायचे. रात्री आई त्यांवर खोबरेल लावायची. पुढे काविळीसारखं काहीतरी झालं, यकृत गेलं म्हणाले, आणि बाबा गेले.

“वैजू,” आई पाठमोरीच म्हणाली, “तेंका ठाव होता?”

“नाही गं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकाला तरी कुठे होतं, कोण जाणे.”

“तेंका ठाव नव्हता ना? खरा सांग.”

“खरंच नव्हतं.”

ती आत आली, टोप उचलला, परत घासायला लागली. घासला, धुतला, परत घासला. त्या दिवशी आमच्याकडे पेज आणि लोणचं होतं.

दुसऱ्या दिवशी दिगू मासळी उतरवून आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दिगू माझ्याहून लहान, पण बाबा गेल्यापासून घराचा कर्ता. त्यानं पहिल्यांदा वहिनीच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाला, “तिका किती दिवस घातला आम्ही ता?” तो उंबऱ्यावर बसला, डोकं धरून. मी त्याला इतकं हललेलं बाबांच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं तोंड पुसून म्हणाला, “सभेत सांग खुबे काढू नका म्हणान. पण बाबांचा नाव काढू नको. गटाराचा सांग. कारखानो नायतरी मेलेलोच आसा.”

“गटाराचं सांगितलं तर सगळ्या उतरणीखाली जातील. आईच निघाली होती.”

“मगे दोनीकडे आसा म्हण. गाळात आसा म्हण. कोणी टाकला, ता विचारलानी तर म्हायत नाय म्हण. तुका काय, तू परत रत्नागिरीक जातलंस. आमका हयच र्‍हवाचा आसा.”

आई तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकत होती. मला वाटलं काहीतरी बोलेल. पण ती सूप पाखडून उठली आणि पिंपातले खुबे टोपलीत भरायला लागली. जिवंत होते सगळे. टोपली कमरेवर घेऊन ती दारात अडखळली.

“ह्यांका खंय टाकू?” तिनं मला विचारलं.

परत चिखलात टाकले तर दुसरं कुणी काढणार. परसात टाकले तर कोंबड्या खाणार. शेवटी तिनं माडापासून लांब खड्डा खणून ते पुरले. मला हात लावू दिला नाही. आणि पिंप? पिंप तिनं रिकामं करून पालथं घातलं, त्यावर एक धोंडा ठेवला. दर्यात टाकायचं म्हणाली नाही. कुठे टाकायचं ते मलाही सांगता येत नव्हतं.

रविवारी शेड गच्च भरली होती. साहेब सज्जन होते, खोटं एक अक्षर बोलले नाहीत. “पाण्याचा अहवाल समाधानकारक आहे,” म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मथुरामावशी, आईची जन्माची जोडीदारीण, उठून म्हणाली, “मगे उद्यापासून टोपल्यो काढतंव!” केवढा हशा झाला.

मी उभी राहिले. राख आणि टोप सांगितला, आईच्या दुधातून ते तेल बाळापर्यंत जातं तेही. बायका ऐकत होत्या, काहींनी माना डोलावल्या. मग मी म्हणाले, सगळ्यात जास्त उतरणीखाली आहे, तिथला एकही खुबा घरात आणू नका.

“उतरणीखाली?” मथुरामावशी हसली. “गो बाय, गटार खंय नि उतरण खंय! उतरणीखाली विष टाकूक कोण मेलो जातलो? थंय आपल्यो देवासारख्यो होड्यो लागतत.”

“ते कुणी टाकलं ते महत्त्वाचं नाही...”

“म्हत्त्वाचा कसा नाय?” मागून कुणीतरी ओरडलं. “कारखान्याक वाचवूक इलंस काय? मालकान धाडल्यान तुका?”

शेडमध्ये गलका उठला. “शिकलेली माणसां आमच्या पोटार पाय देतंत!” “तिच्या घरात रोज खुबे रांधतंत, विचारा हिच्या आवशीक, भामाक!” साहेब हात वर करून शांत व्हा म्हणत होते. दिगू भिंतीला टेकून उभा होता, माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवत होता. मथुरामावशीची सून माझ्यासमोरच बसली होती, मांडीवर तान्हं घेऊन. तिच्याकडे बघून मला बोलवेना, गप्प बसवेना.

आणि आई उभी राहिली.

इथं एक सांगायला हवं. माझ्या आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ‘हे’, ‘दिगूचे बाबा’, नाहीतर नुसतं ‘घरात’. रेशनच्या दुकानात, बँकेत, इस्पितळात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती मला पुढे ढकलायची. बाबा गेले तेव्हा ग्रामपंचायतीत ‘मयताचं नाव?’ विचारलं, तर ओठ मिटून बसली, मी येईपर्यंत. घोवाचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आईनं तिला सांगितलेलं. ते आयुष्य संपल्यावरही तिनं ते पाळलं.

“भिकाजी रामचंद्र तारी,” आई म्हणाली.

एवढं स्पष्ट, एवढं मोठ्यानं की लोक गप्प झाले. मथुरामावशीनं तोंडावर हात घेतला.

“माझो घोव. कारखान्यातसून ता तेल तेंनी हाडला. फुकट हाडला, तुमका सगळ्यांका फुकट दिला. तुमच्यो होड्यो वाचल्यो, आमची वाचली. चांगल्या मनान लावला. पावसान ता खाली व्हावला, नि उतरणीखाली बसला. थंयच आसा अजून. तेंका ठाव नव्हता. माका नव्हता. आता आसा.” ती खाली बसली नाही. “माझ्या सुनेक मी माझ्या हातान घातलंय ता, सा म्हयने. तुम्ही तुमच्या सुनांका घालू नकात. भिकाजी रामचंद्र तारीन हाडलेला तेल थंय आसा. आता कोणाक आणि काय विचारूचा आसा?”

आबा मेस्त, ज्यांची होडी बाबांनी दोनदा वाचवली होती, ते काठी टेकत उठले आणि बाहेर निघून गेले. मथुरामावशीच्या सुनेनं तान्ह्याला पदराखाली घेतलं होतं, तिनं हळूच त्याला बाजूला केलं आणि त्याच्याकडे बघत बसली.

घरी येताना आई माझ्यापुढे चालत होती. वाटेत एकदाच बोलली.

“लग्नात घेतलंलंय नाव. त्यानंतर आज.”

उतरणीखाली कुणी गेलं नाही. गाळ उपसायचं कामही राहिलं. तो ढवळला तर सगळीकडे जाईल, असं पुढच्या तपासणीत निघालं. तेव्हा तो आहे तिथंच आहे. बायका काही वर्षं दुसऱ्या खाडीवर पायपीट करून गेल्या, मग बऱ्याचशा सोडूनच बसल्या. कुणी आईला वाईट बोललं नाही. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

वहिनीला मुलगी झाली. हातीपायी धड, रंगानं आईवर गेलेली. डॉक्टर म्हणाले, दूध पाजा, न पाजण्यापेक्षा पाजलेलं बरं. मीही तेच सांगितलं, आणि ते खरं होतं. आईनं दोनतीनदा विचारून घेतलं, मान डोलावली. पण वहिनीनं पोरीला छातीशी घेतलं की आई उठून मागच्या अंगणात जायची आणि दूध पिऊन होईपर्यंत आत यायची नाही. दोन वर्षं. एकदाही तिनं ते बघितलं नाही.

पोरीला काही झालेलं नाही. अजून तरी. साधा ताप आला तरी आई मला रत्नागिरीला फोन करते आणि काही न विचारता नुसती धरून बसते. मीही फोन ठेवत नाही.

गावात आता बाबांचं नाव कुणी काढत नाही. होड्यांचा विषय निघाला की म्हातारे दुसरंच काहीतरी बोलतात. मागच्या वेळी मी घरी गेले, तेव्हा पोर अंगणात त्या पालथ्या पिंपावर चढायला बघत होती. आईनं धावत जाऊन तिला उचललं.

“आजये, ह्या कोणाचा?” पोरीनं विचारलं.

मला वाटलं, आई म्हणेल, आजोबांचं.

“भिकाजी रामचंद्र तारी,” आई म्हणाली, आणि पोरीचे हात धुवायला तिला आत घेऊन गेली.